किरणोपचार आणि तोंडाची निगा

कर्करोगाच्या रुग्णास उपचारांविषयीं विचारलें, तर पुष्कळदां तो रोगाआधीं आपल्या तोंडाची तक्रार सांगतो. घास गिळवत नाहीं, साध्या पाण्यानेंहि आग होते. ‘बरें व्हायचें तर एवढें सोसलेंच पाहिजे,’ अशी घरचीं माणसें त्याची समजूत घालतात. ही समजूत घातक आहे. कशी, तें सांगतों.

तोंडाच्या अस्तरांतील पेशी दर एक-दोन आठवड्यांनीं नव्या होत असतात. रासायनिक औषधें आणि किरण यांचा घाव भराभर वाढणाऱ्या पेशींवर विशेष पडतो. त्यांत रोगाबरोबर हें अस्तरहि सांपडतें. औषधानंतर साधारण आठवड्यानें, आणि किरणोपचारांत दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून तोंड येतें. तोंडाच्या वा घशाच्या कर्करोगास किरण बहुधा आठवड्यांतून ५ दिवस, असे ६-७ आठवडे द्यावे लागतात. वेदनेला कंटाळून रुग्ण मध्येंच आठ दिवस घरीं बसला, तर उरलेल्या रोगपेशी तेवढ्यांत पुन्हां वाढीस लागतात. तेव्हां वेदना लपवूं नये. तीवर औषध मागून घ्यावें.

किरण सुरू होण्यापूर्वींच दांत तपासून घ्यावे. मागाहून दांत काढल्यास जबड्याचें हाड भरून न येण्याचा धोका असतो. १ लिटर उकळून निवविलेल्या पाण्यांत १ चहाचा चमचा मीठ व तितकाच खाण्याचा सोडा घालून दिवसांतून अनेक वेळां सावकाश चुळा भराव्या. पाणी रोज ताजें करावें. ब्रश मऊ असावा. मद्यार्क असलेलीं गुळण्यांचीं औषधें टाळावीं. मशेरी म्हणजे तंबाखू नव्हे असें मानणाऱ्या भगिनी अद्यापि भेटतात. ती भाजलेली तंबाखूच होय. फ्लुओरोयुरॅसिल हें औषध शिरेंतून एकदम द्यावयाचें असल्यास, आधीं ५ मिनिटांपासून एकूण अर्धा तास तोंडांत बर्फ धरतात. थंडीनें रक्तवाहिन्या आकसून अस्तरापर्यंत औषध कमी पोंचतें. मात्र सोबत ऑक्सॅलिप्लॅटिन असेल तर बर्फ सोसत नाहीं. म्हणून डॉक्टरांस विचारल्यावांचून हें करूं नये.

त्वचेविषयीं थोडेंसें. किरणांच्या जागीं पाणी लावूं नये, असें पूर्वीं सांगत. आतां कोमट पाणी व सौम्य साबण चालतो. अंग टिपावें, घासूं नये, आणि डॉक्टरांनीं केलेल्या खुणा पुसूं नयेत. बाम किंवा हळदीचा लेप परस्पर लावूं नये. गळ्यावर किरण घेणाऱ्या स्त्रीनें मंगळसूत्र तेवढ्या दिवसांपुरतें काढून ठेवावें. तें कातडीस घासतें. यांत अशुभ कांहीं नाहीं, हें सासूबाईंनींच सांगितलें तर फार बरें. शेवटच्या किरणानंतर एक-दोन आठवडे त्वचा अधिकच बिघडल्यासारखी दिसते; मग ती हळूहळू भरून येते.

एक गोष्ट मात्र विसरूं नका. सोललेल्या तोंडांतून जंतु रक्तांत शिरूं शकतात, आणि रासायनिक औषधानें त्याच सुमारास रक्तांतील पांढऱ्या पेशीहि घटलेल्या असतात. ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक झाला, तर घरगुती काढा देत सकाळची वाट पाहूं नये. रात्रीचे दोन वाजले असले तरी रुग्णास रुग्णालयांत न्यावें.