पेटींतला गवई

वसई-विरारच्या बाजूला जुनीं कौलारू घरें मोडून त्यांच्या जागीं उंच इमारती उभ्या राहूं लागल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या बंद असलेले माळे रिकामे होऊं लागले. माळ्यावरून उतरणाऱ्या सामानांत एखादे वेळीं काळ्या कापडानें मढविलेली एक चौकोनी पेटी निघते. भंगारवाला तिला लोखंडाचा भाव करतो. जाणता संग्राहक मात्र आधीं तिचें झांकण उघडून पाहतो. ती असते चावीचा पोर्टेबल ग्रामोफोन.

या जातीचा सर्वांत नांवाजलेला नमुना म्हणजे 'हिज मास्टर्स व्हॉइस'चा १०२ क्रमांकाचा ग्रामोफोन. तो १९३१ सालीं बाजारांत आला. याला बाहेर कर्णा नाहीं. कर्णा पेटीच्या पोटांतच वळवून बसविलेला असतो. चावी दिली कीं पोलादी कमान ताणली जाते, ती उलगडतांना तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेते, आणि फिरत्या वजनांचा एक लहानसा नियामक तो वेग ढळूं देत नाहीं. विजेचें कामच नाहीं. विरारपर्यंतची आगगाडी १९३६ सालीं विजेवर धांवूं लागली खरी, परंतु रुळांपासून दूरच्या वाड्यांत दिवाबत्ती रॉकेलचीच होती. अशा घरांतही बालगंधर्वांचें गाणें ऐकणें या पेटीनें शक्य केलें. दहा इंची तबकडीची एक बाजू सुमारें तीन मिनिटांची. तासभर रंगणारा राग तेवढ्यांत आटोपावयाचा, ही गवयाचीही परीक्षाच होती.

संग्राहकांना या पेटीचें अप्रूप कां? एक कारण असें कीं, मुंबईच्या चोरबाजारांत मिळणारे पितळी कर्ण्याचे चकचकीत ग्रामोफोन पुष्कळदां नव्या-जुन्या भागांची जुळवाजुळव असते. बंद पेटींत अशी लबाडी करण्याचा लोभ कमी. काळ्या रंगाच्या पेट्या पुष्कळ. तांबड्या, निळ्या, हिरव्या विरळा, म्हणून त्यांना किंमत अधिक. (खिशांत मावणारा स्वित्झर्लंडचा 'मिकीफोन' याहूनही दुर्मिळ, पण तो आपल्याकडच्या माळ्यावर सांपडेल अशी आशा कोणीं धरूं नये.)

वसईची खारी हवा मात्र या यंत्राची वैरीण आहे. चावीची दांडी गंजते, कमानीतलें ग्रीस घट्ट होतें, साउंडबॉक्समधील रबर दगडासारखें होतें. जुलै २०१८ च्या पुरासारखें पाणी घरांत शिरलें तर पेटीचें लांकूड फुगतें. तरीही पेटी हातीं आल्यावर तिला रंग किंवा पॉलिश देण्याची घाई करूं नये. मूळचें कापड उडालें कीं किंमतही उडते. जुनें ग्रीस काढून नवें भरल्याशिवाय कमान पूर्ण ताणूं नये. पोलादी पिन एका बाजूलाच वापरावी, पुढच्या बाजूस नवी. प्लास्टिकच्या लाँग-प्लेइंग तबकडीवर ती पिन ठेवूं नये. त्या तबकडीचा नाश होतो.

आणि पेटीबरोबरच्या तबकड्या? येथें खरा घात होतो. दलाल पेटी उचलतो आणि लाखेच्या जड तबकड्या ओझें म्हणून टाकून देतो. वास्तविक यंत्रें कारखान्यांत हजारांनीं निघालीं. एखाद्या विस्मृत गायिकेची तबकडी कदाचित् ती एकच उरलेली असेल. मुंबईंत १९९० सालीं स्थापन झालेल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' या संस्थेनें अशाच तबकड्यांकडे लोकांचें लक्ष वेधलें. म्हणून माळा उतरवितांना लेबलावरचें नांव व क्रमांक कागदावर उतरून घ्यावा, तबकड्या आडव्या न रचतां उभ्या ठेवाव्यात, आणि मगच भंगारवाल्याला हांक मारावी.