काल्याची शिदोरी आणि लेकराचं ताट

बसा माउली, लेकरांना पुढं घ्या. आज काल्याचं कीर्तन. काला म्हणजे लेकरांचाच सोहळा. पण आज मी बोलणार आहे त्यांच्या आई-बापांशी, आजी-आजोबांशी.

गोपाळ यमुनेच्या वाळवंटी बसले, शिदोऱ्या सुटल्या. कोणाकडे ज्वारीच्या लाह्या, कोणाकडे दही, कोणाकडे भिजवलेली डाळ, कोणाच्या फडक्यात काकडी, डाळिंबाचे दाणे, लिंबाचं लोणचं. पेंद्या बिचारा गरीब, त्याच्या शिदोरीत फार काही नसे. देवानं काय केलं? सगळं एकत्र कालवलं आणि आपल्या हातानं घास भरवले. काल्यानं भेद मोडला, असं आपण नेहमी सांगतो, आणि ते खरंच आहे. पण त्या काल्यात आणखी एक खूण आहे. लाह्या अंगाला बळ देतात. डाळ आणि दही अंग वाढवतात. काकडी, डाळिंब, लिंबू दुखण्यापासून राखतात. बळ देणारं, वाढवणारं, राखणारं. अंगणवाडीत ताई लेकरांना हेच तीन गट शिकवतात. एकटं कोणतंच पुरत नाही, तिघं भेटले म्हणजे काला होतो.

आपल्या खानदेशच्या माउलीनं हे कोणत्या शाळेत शिकलं? कळण्याची भाकरी करते ना ती? ज्वारीत उडीद घालून दळते. ज्वारीत जे कमी पडतं ते उडदात आहे, उडदात जे कमी ते ज्वारीत. दोघांचा संग झाला की अंग धरतं. सत्संग, सत्संग म्हणतात तो पिठातसुद्धा असतो बरं का!

आता ऐका. मागं एका गावी कीर्तनाला गेलो. पुढं पाच-सहा वर्षांचा पोऱ्या बसलेला, हातापायाच्या काड्या. मी विचारलं, "काय रे पोऱ्या, सकायले काय खादं?" तो म्हणे, "चाय-टोस्ट." आणि हातात काय? चमचमीत पुडी, दहा रुपयांची. बापाची केळीची बाग! माउली, जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. सावदा, रावेरहून आपली केळी पार उत्तरेत जाते. सातपुड्यातल्या पाड्यांवर अमृत आहार योजनेत लेकरांना अंडं देतात, जे अंडं खात नाही त्याला केळी देतात. आणि बागवानाच्या घरी? केळी ट्रकात अन् लेकराच्या हातात पुडी! त्या पुडीत मीठ आहे, तेल आहे, वाढवणारं आणि राखणारं जवळपास काही नाही. पोट भरतं, लेकरू भरत नाही. आणि जेवणाबरोबर चहा दिला, तर भाजी-भाकरीतलं लोह अंगी नीट लागत नाही. मग रक्त कुठून वाढायचं?

आपण मुक्ताईच्या मुलखातले. कोथळी-मेहूण इथंच, तापीकाठी. मांड्यांची कथा तुम्हाला पाठ आहे. आई-बाप नसलेली चार भावंडं. निवृत्तिनाथांना मांडे खावेसे वाटले. मुक्ताई खापर आणायला निघाली, तर विसोबांनी गावात कोणाला खापर देऊ दिलं नाही. ज्ञानोबांनी जठराग्नी चेतवला, पाठ तापली, आणि त्या चिमुरडीनं भावाच्या पाठीवर मांडे भाजले. हे पाहून विसोबा शरण आले. आजही खानदेशात खापरावर मांडे होतात. आता मला सांगा, तेव्हा लेकरांचं खापर दुसऱ्यानं अडवलं. आज कोण अडवतं? कोणी नाही. आपणच ते माळ्यावर ठेवलं, आणि दुकानाची वाट दाखवली.

मग करायचं काय? सहा महिन्यांपर्यंत आईचं दूध, दुसरं काही नको. उष्टावण झालं की मऊ खिचडी, वरणात कुस्करलेली भाकरी, कुस्करलेलं केळं. शेंगदाणा लहानग्याला अख्खा देऊ नका, घशात अडकतो, बारीक कूट करून घाला. पालेभाजीवर लिंबू पिळा, त्यानं लोह अंगी लागतं. लेकरू जरा मोठं झालं की ताटावर विचारा, "बाळा, बळ देणारं कुठं आहे? वाढवणारं दाखव. राखणारं राहिलं का?" खेळता खेळता शिकेल. भाजी नको म्हणालं तर मारू नका, पुडीची लाचही देऊ नका. उद्या पुन्हा घासभर वाढा, परवा पुन्हा वाढा. आणि आजोबा, तुम्ही मेथी बाजूला सारली तर नातू खाईल का? देवानं गोपाळांना उपदेश नाही केला, त्यांच्यात बसून खाल्लं.

अंगणवाडीची योजना १९७५ साली २ ऑक्टोबरला सुरू झाली, सहा वर्षांखालच्या लेकरांसाठी. तिथं लेकरू पाठवा, त्याचं वजन विचारा. विचारायला लाजू नका. मंदिराच्या कळसाची चौकशी करतो, मग घरातल्या देवाच्या वजनाची का नको?

आता काल्याचा प्रसाद येईल. आधी आपल्या मुखात घालू नका. शेजारचं लेकरू बघा, आपलं असो की परक्याचं, पहिला घास त्याला भरवा. त्याच्या तोंडी गेला तो विठोबाला पावला.

पुंडलिक वरदा हरी विठ्ठल!