रक्त थांबलं, म्हणून आजार थांबत नाही



खोकल्यातून रक्त पडलं की आपल्या सातारा-सांगलीकडे घरातलं कुणीतरी म्हणतंच, "उष्णता झाली असेल." मग सब्जा होतो, गुलकंद होतो. दोन दिवसांत रक्त थांबतं आणि घर निर्धास्त होतं. मला भीती वाटते ती या निर्धास्तपणाची. थोडं रक्त बहुधा आपोआपच थांबतं. आजार आत तसाच राहतो.

असं रक्त पाडणारा क्षय, म्हणजे टीबी, आपल्या मुलखाला नवा नाही. डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ साली पाचगणीला बेल-एअर हे आरोग्यधाम काढलं. सर विल्यम वॉनलेस यांच्या मिरजेतल्या कामातून वॉनलेसवाडीचं क्षय रुग्णालय उभं राहिलं. तेव्हा क्षयावर औषधच नव्हतं. मोकळी हवा, सकस आहार आणि विश्रांती हाच उपचार. पुढे १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिन सापडलं, १९५२ साली आयसोनियाझिड आलं. घरी राहून औषधं घेणारा रुग्णही आरोग्यधामातल्या रुग्णाइतकाच बरा होतो, हे मद्रासच्या अभ्यासाने १९५९ साली दाखवून दिलं.

पण टीबी बरा झाला तरी फुप्फुसात पोकळी राहू शकते. तिच्यात बुरशीचा गोळा वाढतो, आजूबाजूच्या रक्तवाहिन्या फुगतात आणि कित्येक वर्षांनंतर रक्त पडतं. अशा वेळी थुंकी न तपासता पुन्हा टीबीच्या गोळ्या सुरू करणं चूक आहे. रक्ताचं कारण श्वासनलिका रुंदावणं असेल, कर्करोगही असेल. एक्स-रे, थुंकीची तपासणी आणि गरज पडल्यास सीटी स्कॅन केल्यावरच ते कळतं.

रक्त जास्त पडू लागलं तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. मोठ्या श्वासमार्गात मावतं जेमतेम दीडशे मिलिलिटर. अशा रुग्णाचा जीव बहुधा रक्त कमी होऊन जात नाही, श्वास कोंडून जातो. म्हणून त्याला उताणं झोपवू नका. कोणत्या बाजूचं फुप्फुस खराब आहे हे ठाऊक असेल, तर ती बाजू खाली ठेवून कुशीवर निजवा. रक्त गिळू देऊ नका, थुंकू द्या. काही खाऊ-पिऊ घालू नका. १०८ला फोन करा.

रुग्णालयात श्वासमार्ग मोकळा ठेवतात, प्राणवायू आणि रक्त गोठायला मदत करणारी औषधं देतात. तेवढ्याने भागलं नाही, तर जांघेतल्या धमनीतून बारीक नळी थेट रक्त वाहणाऱ्या धमनीपर्यंत नेऊन सूक्ष्म कणांनी ती बंद करतात. बहुतेकांचं रक्त त्याने थांबतं. मात्र मूळ आजार राहिला तर ते पुन्हा सुरू होऊ शकतं. म्हणून पुढचे उपचार, काहींना शस्त्रक्रियाही, टाळून चालत नाही.

सोयरीक मोडेल, लोक काय म्हणतील, म्हणून रक्त लपवणारी घरं आजही आहेत. त्यांना माझी कळकळीची विनंती आहे: टीबीची तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. रक्ताची एक रेघ दिसली तरी, ती थांबली तरीसुद्धा, त्याच आठवड्यात माणसाला डॉक्टरांकडे घेऊन जा. जुने एक्स-रे घरात असतील तर तेही सोबत न्या.