पावतीपुस्तक



गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत १८९३ साली सार्वजनिक गणपती बसला. पुढे मुंबईतली मंडळं वाढली ती दारोदारच्या वर्गणीवर. १९८२च्या गिरणी संपात आमच्या लालबागच्या चाळीत पगार थांबले. आम्ही पोरं पावतीपुस्तक घेऊन निघालो, तेव्हा मंडळाचे अण्णा म्हणाले, "यंदा वर्गणी मागू नका, आरतीला बोलवा." त्यांतली बरीच घरं नंतर विरार-डोंबिवलीला गेली. गणपतीला मात्र येतात. वर्गणी न मागता देतात.

शाळेच्या निधीसाठी आज मीही पावतीपुस्तक आणलंय. पण इतक्या वर्षांत तुमच्यापैकी कितीजणांना मी कामाशिवाय फोन केला? म्हणून ते पिशवीतच राहू दे. आधी सांगा, कसे आहात?