सोनटक्का कुठे, कर्दळ कुठे

(पन्हाळा येथे उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



मोरोपंतांच्या जन्मगावी काव्य सोडून कंदांवर बोलायला उभा राहिलोय, तेवढं चालवून घ्या. विषय ‘दारची बाग’ असा दिलाय. सगळ्या बागेवर बोलायला गेलं की कशावरच बोलणं होत नाही, म्हणून मी दोनच झाडं घेतली आहेत. दोन्ही कंदाची, दोन्ही एकदा लावली की वर्षानुवर्षं टिकणारी, आणि दोन्ही इथल्या अंगणांतून हमखास दिसणारी: सोनटक्का आणि कर्दळ.

सोनटक्का आल्याच्या कुळातला. कर्दळीचं कूळ वेगळं, पण गण एकच. केळही त्याच गणातली. त्यामुळे लांबरुंद पानं, सरळ दांडे, जमिनीखाली गड्डे असं दोघांचं रूप मिळतंजुळतं. या रूपानेच घोटाळा होतो. दोन्हींचे कंद एकाच वाफ्यात, एकाच खोलीवर पुरले जातात, दोघांना एकाच पाइपने पाणी मिळतं. दोन वर्षांत एक माजतो आणि दुसरा कुढत बसतो. मग लोक म्हणतात, जागा लाभली नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे: पन्हाळ्यात झाडाची जागा पावसाळा बघून ठरवू नका, फाल्गुन ते वैशाख बघून ठरवा.

आपण समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांवर राहतो. वीसेक किलोमीटरवरच्या कोल्हापुरापेक्षा आपल्याकडे पाऊस कितीतरी जास्त. पण पायाखाली जांभा आहे. जांभ्यातून पाणी झिरपून जातं आणि वर राहते ती वीतभर तांबडी माती. आषाढात चिखल, चैत्रात वीट. गडावर ही गोष्ट आपल्या आधीच्यांना पक्की ठाऊक होती. एवढा पाऊस पडत असताना सोमाळे तळं, सादोबा तळं, तीन दरवाजाजवळची ती तीन मजली अंधारबाव यांचा खटाटोप कशासाठी? पाऊस चार महिन्यांचा आणि तहान बारा महिन्यांची, म्हणून. शिबंदीला जो प्रश्न होता तोच तुमच्या वाफ्याला आहे.

आता सोनटक्का घ्या. हा ईशान्य भारत आणि हिमालयाच्या पायथ्याकडचा, झाडांच्या सावलीत आणि ओहोळांच्या काठी वाढणारा. त्याच्या दांड्याच्या टोकाशी हिरवी खवलं एकावर एक बसलेली असतात आणि त्यांच्यामधून रोज चार-दोन कळ्या डोकावतात. त्या उमलतात संध्याकाळी. फुलाची नळी बोटभर लांब, मध अगदी तळाशी. तिथवर पोच फक्त लांब सोंडेच्या पतंगांची. ते रात्री हिंडणारे. म्हणून फूल पांढरं आणि वास दिवेलागणीनंतर चढत जाणारा. दुसऱ्या दिवशी दुपारी तेच फूल मलूल होऊन लोंबतं. गौरी घरी येतात तेव्हा तेरड्याच्या जोडीला सोनटक्का ऐन बहरात असतो, हे आपलं भाग्य.

याला सकाळचं ऊन आणि दुपारची सावली हवी. दिवसभर ऊन बसलं की पानांच्या कडा करपतात. पावसाळ्यातल्या साचलेल्या ओलीचं त्याला काही वाटत नाही. कोरड्या एप्रिलचं मात्र फार वाटतं. आपल्या सह्याद्रीतली रानहळद आणि चवर ही त्याची भाऊबंद मंडळी शहाणी आहेत. पाऊस सरला की पानं टाकून जमिनीखाली निजतात. सोनटक्का तसा गाढ झोपत नाही. उन्हाळ्यात त्याला पाणी कमी चालतं, पण कंद सुकलेला चालत नाही. म्हणून त्याच्यावर पाचट अंथरा. गडाखाली उतरलं की ऊसच ऊस आहे, पाचट शेतात जाळलं जातंय. दोन भारे वर आणायला काय जातं? वीतभर थर टाकला की पाण्याच्या पाळ्या निम्म्यावर येतात.

लावताना कंद आडवा ठेवा आणि वरून जेमतेम माती येऊ द्या. आलं पुरतो तसं खोल पुरू नका. त्याला पृष्ठभागाशीच पसरायची सवय आहे. पश्चिम कडेला घर असेल तर भिंतीच्या आडोशाला लावा, नाहीतर आषाढातला वारा दांडे जमिनीला टेकवतो.

एक प्रश्न मला इथे नेहमी विचारला जातो: ‘काका, पानं भरपूर येतात, फूलच येत नाही, असं का?’ तीन कारणं. फणसाखाली मिट्ट काळोखात लावलाय. किंवा उन्हाळ्यात ‘वाळलाय’ म्हणून हिरवे दांडेही सपासप कापलेत. किंवा गड्डा पाच-सहा वर्षं उकरलेलाच नाही आणि आत कंदांची चेंगराचेंगरी झाली आहे. प्रत्येक दांडा आयुष्यात एकदाच फुलतो. फुलून गेलेला तेवढा बुडातून काढा, बाकीच्यांना हात लावू नका.

कर्दळीचं सगळंच निराळं. ती मूळची दक्षिण आणि मध्य अमेरिकेची. तिकडे अँडीजच्या डोंगरांत तिचे कंद खातात आणि व्हिएतनाममध्ये त्यांच्या पिठाच्या शेवया करतात. इतका पिष्टाचा साठा जिच्या पोटात आहे, ती एखादा कोरडा महिना सहज काढते. बी तर त्याहून चिवट. अर्जेंटिनात एका थडग्यातल्या खुळखुळ्यांच्या माळेत कर्दळीचं बी सापडलं, सुमारे ६०० वर्षांपूर्वीचं. ते रुजत घातलं आणि रुजलं! त्यामुळे तुमचं बी चार दिवसांत उगवलं नाही तर निराश होऊ नका. काळं कवच दगडावर घासा, आतला पांढरा ठिपका दिसला की थांबा, आणि रात्रभर कोमट पाण्यात ठेवून मग पेरा.

तिचं फूल एकदा हातात घेऊन सोलून बघा. ज्या रंगीत मोठ्या पाकळ्या वाटतात ते खरं तर पसरट झालेले पुंकेसर आहेत. खऱ्या पाकळ्या त्यांच्या खाली, अरुंद, दुर्लक्षित. पराग असतात एकाच केसराच्या एकाच कडेला. वास नाही. सगळा खर्च रंगावर.

हा खर्च भागतो उन्हातून आणि खतातून. सहा तास थेट ऊन नसेल तर कर्दळ लावूच नका. सावलीत ती उंच आणि पोकळ होते. कंद चार बोटं खोल, दोन कंदांत दीड-दोन फूट अंतर. शेणखत सढळ हाताने. कारखान्याची कुजलेली मळी मिळाली तर उत्तमच. न्हाणीच्या सांडपाण्यावरही ती बिनतक्रार वाढते. सांडपाणी शुद्ध करायच्या पाणथळ वाफ्यांतून देशोदेशी कर्दळ लावतात, ती याच गुणामुळे. घरामागे अळू आणि केळीच्या रांगेत तिलाही बसवा.

एक इशारा. कर्दळीच्या पानांवर शिरांच्या दिशेने पिवळे पट्टे दिसले तर त्याला खताची कमतरता समजू नका. तो बहुधा विषाणू असतो, आणि त्याला औषध नाही. आपण प्रेमाने शेजारणीला गड्डा देतो, त्याबरोबर रोगही देतो. असं झाड कंदासकट काढा आणि कोयता धुऊन, तापवूनच पुढच्या झाडाला लावा.

तर निवाडा असा. एकच जागा आहे, ती उघडी आहे आणि उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते: कर्दळ लावा, दुसरा विचार नको. पूर्वेचं अंगण आहे, दुपारची सावली आहे, रोज बादलीभर पाणी पडेल अशी जागा आहे: तिथे सोनटक्का, आणि तोही खिडकीजवळ, कारण त्याचं खरं काम अंधार पडल्यावर सुरू होतं. दोन्ही हवेत तर दोन वेगळे वाफे करा. वळवाचे एक-दोन पाऊस झाले की लगेच लावा. धुवांधार सुरू झाल्यावर नको.

शेवटी एक विनंती, आणि ती जरा कळकळीने. दर तीन-चार वर्षांनी गड्डे फोडले की पाटीभर कंद उरतात आणि ते कड्यावरून खाली भिरकावायचा मोह होतो. ब्राझील आणि हवाईत सोनटक्का ओढ्यांच्या काठी इतका माजलाय की तिथली मूळची झाडं त्याने दाबून टाकली आहेत. आपल्या शेजारी मसाई पठार आहे, रानफुलांचं. उरलेले कंद शेजाऱ्यांना द्या, नाहीतर तुकडे करून उन्हात कडक वाळवून मगच खतात टाका. गडाखालच्या ओढ्यात किंवा पठारावर एकही टाकू नका.