रिकामा रकाना आणि संगणकाची नोंदवही

(निपाणी येथे शिक्षक, ग्रामपंचायतींचे कर्मचारी व नागरिक यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सरकारी दप्तराशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना 'निरंक' हा शब्द परिचयाचा आहे. कळविण्याजोगे काही नसले तरी जाणता कारकून रकाना मोकळा सोडीत नाही. तो 'निरंक' लिहितो किंवा आडवी रेघ ओढतो. मोकळा रकाना पाहून, माहितीच नव्हती की लिहिणारा विसरला, हे मागाहून कोणाला सांगता येत नाही. शिवाय त्या जागेत पुढे कोणीही काहीही घुसडू शकतो. हा मुलूख १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, त्यानंतर आजच्या कर्नाटकात आला. परंतु रकान्याची ही शिस्त दोन्हीकडे सारखीच.

पुढे 'भूमी' योजनेखाली जमिनीचे उतारे संगणकावर गेले. कारकुनाची लेखणी यंत्राच्या हाती आली, तेव्हा ती शिस्त यंत्राला कोणी शिकविली, हा आजचा प्रश्न आहे. मी कला शाखेचा पदवीधर आहे, तंत्रज्ञ नव्हे. परंतु हा विषय जितका यंत्राचा तितकाच दप्तराचा आहे.

प्रत्येक जबाबदार संगणक-कार्यक्रम आपला रोजनामा ठेवतो. किती वाजता काय केले, कोठे अडले, हे तो ओळीओळीने लिहीत जातो. काही बिघडले की तंत्रज्ञ प्रथम तोच उघडून पाहतात. असे पुष्कळ कार्यक्रम 'सी' या भाषेत लिहिलेले असतात. या भाषेत एका भागाकडून दुसऱ्या भागाकडे मजकूर जात नाही, त्याचा केवळ पत्ता जातो. त्यामुळे 'काही नाही' याचे दोन अर्थ होतात. घर आहे पण आत कोणी नाही, हा पहिला. त्याला रिकामा मजकूर म्हणतात आणि तो निरुपद्रवी असतो. पाकिटावर पत्ताच नाही, हा दुसरा. त्याला 'नल' म्हणतात. रिकाम्या घरी जाऊन पोस्टमन परत येईल. पत्ताच नसेल तर त्याने जावे कोठे?

'सी'मध्ये छापण्याच्या आज्ञेला 'प्रिंटएफ' म्हणतात. तिला मजकुराऐवजी नल दिला तर काय व्हावे, हे १९८९ च्या अमेरिकन प्रमाणग्रंथाने ठरविलेले नाही. म्हणून प्रत्येक यंत्र आपल्या मर्जीने वागते. लिनक्सवर सामान्यतः आढळणारे ग्रंथालय कंसात 'नल' असे छापून वेळ निभावते. सोलारिस प्रणालीच्या जुन्या आवृत्त्यांत कार्यक्रम तेथेच कोसळत असे. आणखी एक गंमत आहे, ती मात्र महागात पडणारी. एकच मजकूर व त्यापुढे नवी ओळ एवढेच छापायचे असेल तर 'जीसीसी' हा भाषांतरक 'प्रिंटएफ'च्या जागी 'पुट्स' ही सोपी आज्ञा परस्पर घालू शकतो, आणि ती नल पाहताच कोसळते. म्हणजे यंत्र तेच, लिहिलेली ओळही तीच. काल चाललेली आज पडते.

आपल्या द्विभाषिक भागाला लागू पडणारे उदाहरण घ्या. वापरणाऱ्याने मराठी निवडली आहे की कन्नड, हे 'लँग' नावाच्या खुणेत ठेवलेले असते आणि 'गेटएन्व्ह' या आज्ञेने कार्यक्रम ते विचारतो. खूण नसेल तर उत्तर नल येते. दिवसा कर्मचारी यंत्रापुढे बसलेला असतो, खूण असते, रोजनाम्यात भाषा नीट उमटते. रात्री आपोआप सुरू होणाऱ्या कामाला ही खूण पुष्कळदा मिळत नाही. 'भाषा अमुक' ही साधी ओळ लिहिताना कार्यक्रम कोसळतो, आणि सकाळी रोजनामा पाहावा तर नेमकी तीच ओळ नाही. संकटाच्या वेळीच माहिती अपुरी असते. रोजनामा त्या वेळेसाठीच असतो, आणि त्याच वेळी तो दगा देतो.

उपाय अवघड नाही. रोजनाम्याच्या दाराशी एक छोटा पहारेकरी ठेवावा: पत्ता आला असेल तर तो पुढे द्यावा, नसेल तर 'निरंक' या शब्दाचा पत्ता द्यावा. ही तपासणी मजकुराची लांबी मोजण्यापूर्वीच व्हावी, कारण मोजणारी आज्ञाही नलपुढे तशीच पडते. पहारा एकाच ठिकाणी असावा. शंभर ठिकाणी विखुरलेली दक्षता एखाद्या ठिकाणी हटकून चुकते. 'आमच्या यंत्रावर चालते' हे उत्तर ऐकून घेऊ नये. यंत्र उद्या बदलणारच आहे.

हा भरीचा शब्द रोजनाम्यापुरताच ठेवावा, मूळ नोंदीत उतरू देऊ नये. कॅलिफोर्नियातील एका मोटारमालकाने गमतीने आपल्या गाडीसाठी 'नल' हीच क्रमांकपाटी घेतली. ज्या गाड्यांचा क्रमांक नोंदला गेला नव्हता त्यांचे दंड त्याच्या नावे जमू लागले. ती रक्कम १२,००० डॉलरांवर गेल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्याकडे कोणी आडनाव लावतो, कोणी केवळ आद्याक्षर. आडनाव नसलेल्याच्या उताऱ्यावर 'निरंक' हे आडनाव छापून आले तर त्या शेतकऱ्याला ते काढून घेण्यासाठी किती हेलपाटे घालावे लागतील, हे येथे बसलेल्यांना सांगायला नको.

शिक्षकांना एक विनंती. विद्यार्थ्यांकडून हा प्रयोग करवून घ्यावा: 'लँग'ची खूण काढून टाकून तोच कार्यक्रम दोन निरनिराळ्या यंत्रांवर चालवावा, प्रथम पहारेकऱ्याविना आणि नंतर त्याच्यासह, आणि चारही वेळचे रोजनामे फळ्यावर शेजारी शेजारी उतरवावेत.