खरखरीचा नाद

पन्नाशी उलटली की माणसाला देवाधर्माचा, बागेचा, फार तर शेअर बाजाराचा नाद लागतो. मला इलेक्ट्रॉनिक संगीताचा लागला. वरातीत छाती धडधडवणारं डीजेचं संगीत नव्हे. ज्यात गाणारा नसतो, शब्द नसतात, कधी तालही नसतो, असं संगीत. मुलीनं एका दुपारी तिचे हेडफोन माझ्या कानांवर चढवले आणि ती कॉलेजला निघून गेली. संध्याकाळी परतली तेव्हा मी तिथंच बसलो होतो. आमच्याकडे हे सुरू झालं की बायको मात्र अजूनही स्वयंपाकघरातून विचारते, ‘‘अहो, रेडिओ बिघडला का?’’

तिचं अगदीच चुकतं असं नाही. या संगीताचं माहेर रेडिओच आहे. १९४८ साली पॅरिसमध्ये फ्रेंच रेडिओतले अभियंते पिएर शेफर यांनी रेल्वेचे आवाज मुद्रित केले, त्यांचे तुकडे पाडले, फिरवून जोडले आणि ती रचना चक्क रेडिओवरून ऐकवली. १९५८ साली बीबीसीनं अशा कामासाठी लंडनला वेगळी कार्यशाळाच उघडली.

पुढं यंत्रं स्वस्त झाली, छोटी झाली, आणि हे संगीत घरातल्या खोल्यांत शिरलं. याला ‘इंडी’ म्हणतात, म्हणजे स्वतंत्र. मोठ्या कंपनीच्या दारात न जाता स्वतःच रचायचं, स्वतःच मुद्रित करायचं, स्वतःच्या पैशानं काढायचं. मराठी कवीला हे समजावून सांगावं लागत नाही. आपल्याकडची लघुअनियतकालिकं आठवा. सायक्लोस्टाइल केलेली पानं, पदरमोड, आणि हातावर मोजण्याइतके वाचक!

ऐकायचं कसं, हा प्रश्न मला बरेच जण विचारतात. आपल्या कानाला मुखडा आणि अंतरा यांची सवय असते. इथं ते शोधत बसलात तर वैताग येईल. ख्याल सुरू होण्याआधी नुसता तानपुरा झंकारत असतो ना, तेव्हा आपण जसे बसतो तसं बसावं. दहाएक मिनिटांत कान आपोआप लहानसहान गोष्टी टिपू लागतो.

आणि हे सगळं परदेशीच आहे असंही नाही. मुंबईत हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवणारे चरणजीत सिंग यांनी १९८२ साली तीन जपानी यंत्रं घेऊन भूप, ललत, तोडी, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. त्यातलं एक यंत्र बास गिटारवाल्याची जागा घ्यावी म्हणून बनवलेलं. ते एका सुरावरून दुसऱ्या सुरावर घसरत जातं, जवळजवळ मींड घेतल्यासारखं. तबकडी काही चालली नाही. पाच वर्षांनी, १९८७ साली, शिकागोच्या पोरांनी त्याच यंत्रातून असाच पिळवटलेला आवाज काढला आणि जग नाचू लागलं. त्यांना बिचाऱ्यांना चरणजीत सिंग ठाऊकही नसणार. २००२ साली एका डच संग्राहकाला दिल्लीत ती तबकडी सापडली, २०१० साली ती पुन्हा निघाली, आणि सत्तरी ओलांडलेला हा माणूस युरोपात तरुणांपुढं वाजवू लागला. २०१५ साली ते गेले.

पण मला ज्यानं खरं धरून ठेवलं तो अमेरिकेतला विल्यम बसिन्स्की. १९८० च्या दशकात त्यानं रेडिओवरच्या हलक्याफुलक्या वाद्यसंगीताचे तुकडे टेप केले होते. टेपची दोन टोकं जोडून कडं करायचं, म्हणजे तोच तुकडा गोल गोल फिरत राहतो. २००१ च्या उन्हाळ्यात ती जुनी कडी संगणकावर उतरवून घ्यायला त्यानं एक टेप लावली. टेपवर लोहाच्या ऑक्साइडचा थर असतो, आवाज त्यातच असतो. जुनेपणानं तो थर सुटू लागला होता. प्रत्येक फेऱ्याला थोडा भुगा खाली पडे आणि तेवढा सूर नाहीसा होई. दुसऱ्या कुणी यंत्र बंद केलं असतं. यानं चालू ठेवलं. पहिली रचना तासाभराहून मोठी आहे. सुरुवातीला शिंगासारखे भरघोस सूर, मग त्यांत भोकं, शेवटी शांततेत एखादा उरलेला ठिपका.

काम झालं आणि ११ सप्टेंबर उजाडला. ब्रुकलिनमधल्या गच्चीवरून त्यानं मनोरे कोसळताना पाहिले. संध्याकाळी उरलेल्या उजेडात त्या धुराचं चित्रण केलं, पुढं त्याला हेच संगीत जोडलं आणि ते मृतांना अर्पण केलं. ‘द डिसइंटिग्रेशन लूप्स’ या नावानं २००२ पासून त्यानं हे स्वतःच प्रकाशित केलं.

मुसलमान असून मराठीत कविता कशी, हे मला गेली तीस वर्षं कौतुकानं आणि कधी संशयानं विचारलं जातं. या संगीताजवळ असा प्रश्नच नाही. तिथं मी नुसता कान असतो. शब्दांवर पोट भरणाऱ्या माणसाला ही केवढी सुट्टी, कशी सांगू?

आणि तरी याच संगीतानं मला शब्दांकडं परत आणून सोडलं. माझ्या मामूंनी १९८४ साली अम्मीच्या जात्यावरच्या ओव्या कॅसेटवर घेतल्या होत्या. अम्मी जाऊन आता बरीच वर्षं झाली. कॅसेटमध्ये जाळीदार खरखर आहे. स्टुडिओत काम करणाऱ्या एका ओळखीच्या मुलानं ती संगणकावर साफ करून दिली. आवाज लख्ख झाला, पण दोन ओळींमध्ये ती जो श्वास घ्यायची तो खरखरीबरोबर गेला. जात्याची घरघरही निम्मी झाली. साफ केलेली प्रत मी भावाला दिली. त्याला ती आवडते.

मी मूळ कॅसेट ऐकतो. प्रत्येक वेळी ती थोडी आणखी झिजते हे आता चांगलंच कळतं, म्हणून वर्षातून एकदाच लावतो. तिसऱ्या ओवीत अम्मीचा सूर बुडतो. काही क्षण नुसतं जातं फिरत राहतं. मग ती पुन्हा वर येते. यंदा जरा उशिरा आली.